तीन नंबरचा नळ

स्तानियाने आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाला जेवढा मान दिला, तेवढा नवऱ्याला उभ्या जन्मात दिला नाही. झिवादिनने त्याबद्दल कधी तक्रारही केली नाही. तक्रार करायला माणसाला थोडा कणा लागतो, आणि त्याचा कणा लग्नाच्या पहिल्याच वर्षी स्तानियाने धुऊन, पिळून दोरीवर वाळत घातला होता.

नळ दिसायला चारचौघांच्या नळासारखाच. पण द्रेनोव्हग्रादच्या पाणीपुरवठा कचेरीत भिंतीवर शहराचा एक नकाशा टांगलेला आहे आणि त्यात पाच लाल टाचण्या टोचलेल्या आहेत. शहराचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे त्या पाच जागांचे नमुने तपासून ठरवायचं असा नियम. तिसरी टाचणी म्हणजे स्तानियाचा नळ. आधी ही टाचणी शाळेच्या नळावर होती. पण नमुने गोळा करणारा ओब्राद जेव्हा शाळेत जायचा, तेव्हा तिथे त्याला कुणी बस म्हणत नसे. पोरं त्याच्या पोटाकडे बघून हसायची. मग एक दिवस ओब्रादने कचेरीत तोंड गंभीर करून सांगितलं, की शाळेची जागा तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. साहेबांना तांत्रिक शब्दाची मोठी भीती. टाचणी हलली. ती हलून थेट अशा घरात आली, जिथे पांढऱ्या चेरीचा मुरंबा सगळ्या शहरात उत्तम होतो. तांत्रिक कारण म्हणजे एवढंच.

तेव्हापासून स्तानियाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. बाजारात कांदे घेताना ती सहज बोलल्यासारखं म्हणायची, "लवकर दे बाबा, घरी सरकारी माणूस यायचाय. नमुन्याला." कांदेवाल्याला कसला नमुना हे कळत नसे आणि ते विचारायची त्याला गरजही वाटत नसे. पण मागे उभ्या बायकांना ऐकू जाई, आणि तेवढ्यासाठीच ते बोलणं असे.

ओब्राद यायचा तो दिवस म्हणजे या घरातला सणच. सकाळपासून तिने नळ व्हिनेगरने घासलेला असे, वर राकियाचा, म्हणजे घरी गाळलेल्या दारूचा, बोळा फिरवलेला असे. टेबलावर आईच्या हातची विणलेली जाळीची चादर. ओब्राद आत येऊन खुर्चीत बसायचा, म्हणजे खुर्ची त्याला कशीबशी सामावून घ्यायची, आणि तो पट्ट्याचं बक्कल एक भोक सैल करायचा.

"काय स्तानियाबाई, आज अंजीर की चेरी?"

"तुम्हाला कधी अंजीर दिलंय मी? अंजीर त्या शेजारच्या कोसाराकडे मिळेल. साखर कमी आणि माश्या जास्त."

मग तबक यायचं. त्यात मुरंब्याची वाटी, चांदीचा चमचा आणि थंडगार पाण्याचा पेला. पाहुणा दारात आला की आधी चमचाभर गोड आणि त्यावर घोटभर पाणी, हे या लोकांत एखाद्या भिकाऱ्यालाही चुकत नाही. आणि ते पाणी नळाचं द्यायचं नाही. छे! नळाचं पाणी पाहुण्याला देणारी बाई आणि मळक्या चादरीवर पाहुण्याला निजवणारी बाई, दोघींची लायकी एकच. नळाला कधी गंजाचा पिवळा रंग, कधी औषधाचा वास. पाहुण्याचं पाणी संत पेत्केच्या झऱ्यावरून आणायचं. दर शनिवारी झिवादिन जुन्या गाडीत मोठाल्या बाटल्या घालून डोंगरावर जाई, तिथल्या रांगेत उभा राही आणि कण्हत परत येई. त्या बाटल्या कोठीत गार फरशीवर मांडलेल्या असत आणि त्यांना घरातल्या माणसाने हात लावायचा नाही, असा स्तानियाचा कायदा.

आता ओब्रादचं काम बघा. नियमाने त्याने आपल्या हाताने नळ उघडायचा, पाणी थोडं वाहू द्यायचं, स्पिरिटच्या दिव्याने नळाचं तोंड शेकायचं, मग बाटली भरायची. तो दिवा तो आणायचा खरा. त्यावर सिगरेट पेटवायचा. आणि बाटल्या? बाटल्या तो टेबलावर ठेवून म्हणायचा, "एवढ्या भरून द्या की. माझे गुडघे..."

पहिल्या वेळी स्तानिया बाटल्या घेऊन नळाशी गेली आणि नळ उघडला, तर आतून चहासारखं पाणी आलं. तिच्या अंगावर काटा उभा राहिला. माझ्या घरचं पाणी म्हणून ही घाण सरकारी बाटलीत जाणार? प्रयोगशाळेतल्या बायका नाकाला रुमाल लावून विचारणार, हे कोणाच्या घरचं? सरकारी माणूस दारात आला, त्याने पाणी मागितलं. पाहुण्याने मागितलं म्हटल्यावर पाहुण्याचं पाणी द्यायचं, यात विचार तो काय करायचा! ती कोठीत गेली आणि झऱ्याच्या पाण्याने बाटल्या काठोकाठ भरून घेऊन आली.

ओब्रादने तिला कोठीतून येताना पाहिलं होतं. तो काही आंधळा नव्हता. तोंडातला मुरंबा गिळून तो एवढंच म्हणाला, "पाणी ते पाणी."

एक लहानशी अडचण होती. नमुना घेतल्या घेतल्या त्यात एक गोळी टाकून क्लोरीन बघायचा असतो. क्लोरीन असला की पाणी गुलाबी होतं. झऱ्याच्या पाण्यात क्लोरीन कुठून असणार? गोळी विरघळून जायची आणि पाण्याला ढिम्म रंग येत नसे. ओब्राद त्याच्याकडे बघून जीभ चावायचा आणि गेल्या वेळचा आकडा जरा इकडेतिकडे करून लिहून टाकायचा. त्या पहिल्या आकड्याची आई कोण, हे त्यालाही आठवत नसेल.

अशी वर्षं गेली. दर गुरुवारी दुपारी गावच्या रेडिओवर अहवाल वाचला जायचा. स्वतः ओब्रादच वाचायचा, घसा खाकरून, जणू राजाचा मृत्यू जाहीर करतोय. "द्रेनोव्हग्राद शहराचं पिण्याचं पाणी सर्व बाबतींत निर्दोष आहे." स्तानिया तेवढ्या वेळापुरती खिडकी उघडायची आणि रेडिओ मोठा करायची. एरवी तिची खिडकी उघडी दिसणं कठीण, कारण दोन खिडक्या समोरासमोर उघडल्या की वाऱ्याचा झोत लागतो आणि झोताने माणूस मरतो, असं ती ठामपणे मानायची. गुरुवारी मात्र मरण पत्करायची.

पलीकडून कोसारा ओरडायची, "अगं, कळलं गं कळलं! तुझा नळ पास झाला!"

"शहराचा नळ म्हण, कोसारा. जळतेस कशाला?"

"मी कशाला जळू? चार नंबरची टाचणी माझ्या दारात आहे म्हटलं!"

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच स्तानियाच्या जिवाला लागायचं.

अशा या घरात मिलियाना सून म्हणून आली. मुलगा दालिबोर आईसारखा तोंडाळ नाही आणि बापासारखा मेणचटही नाही, अधलंमधलं काहीतरी. वरचा मजला त्याला दिलेला होता. मिलियाना दुसऱ्या गावची, शिकलेली, औषधांच्या दुकानात बसणारी. स्तानियाच्या दृष्टीने तिच्यात तीन दोष होते. ती घरात अनवाणी चालायची, हिवाळ्याच्या साठवणीच्या मिरच्या भाजायच्या दिवसांत "विकत मिळतात की" असं म्हणाली होती, आणि बाळंत झाल्यावर तिच्या अंगावरचं दूध दोन महिन्यांत आटलं.

"आटणारच," स्तानिया जिन्याखालून ऐकू जाईल अशी बोलायची. "थंड फरशीवर अनवाणी फिरलं की दूध टाचांतून निघून जातं. आमच्या वेळी गाईसुद्धा लाजायच्या आम्हाला बघून."

मिलियाना उत्तर द्यायची नाही. तिला माहीत होतं, उत्तर दिलं की दुपार संपते.

नात मात्र गोड. नाव लेन्का. डब्याच्या दुधावर वाढत होती आणि आजीला बघून हसायची, म्हणजे तिला माणसांची पारख अजून आलेली नव्हती. एक दिवस मिलियाना डब्याचं दूध कालवायला खाली आली आणि कोठीच्या दाराशी थबकली.

"आई, बाळाच्या दुधापुरतं यातलं पाणी घेऊ का? रोज थोडंसंच लागेल."

स्तानियाने कणीक सोडली नाही. "ते पाहुण्यांचं आहे."

"थोडंसंच, आई."

"आणि उद्या कुणी आलं तर? त्यांच्यापुढे काय ठेवू, बादली? नळाला काय धाड भरलीय? उकळून घे. रेडिओवर ऐकलं नाहीस? निर्दोष आहे म्हणून सांगतात, शिकलेली ना तू?"

"मग विकतच्या बाटल्या आणते."

"आण! आण आणि गल्लीभर मिरव! नळ असताना पाणी विकत घेणारी सून आणली म्हणून लोकांना माझ्या तोंडावर हसू दे!"

मिलियानाने नळाचं पाणी घेतलं. चांगलं उकळलं, पुन्हा उकळलं, कारण औषधांच्या दुकानात तिने आयांना तेच सांगितलं होतं. अहवाल छापून यायचा, तो तिने वाचला होता. त्यावर सही होती, शिक्का होता. शिक्का असलेल्या कागदावर ती विश्वास ठेवायची. शिकून माणसाचं हे असं होतं.

आणि स्तानिया? रेडिओवर जे निर्दोष पाणी सांगतात ते तिच्याच कोठीतलं, हे तिच्या डोक्यात येत नव्हतं का? आता काय सांगायचं! पाहुण्याला पाणी देणं एक आणि अहवाल दुसरा. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी राहूनही एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारख्या राहात होत्या. इतकी वर्षं ती रेडिओ ऐकत होती आणि मनापासून खूश होत होती. खोटं बोलणारा निदान खोटं बोलतोय हे जाणतो. हिला तेवढंही श्रेय देता येत नाही.

शरदात एका सकाळी लेन्काचे ओठ निळसर दिसले. मग नखंही. पोर रडेना, नुसती मलूल पडून राहिली, अंगाचा रंग राखेसारखा.

"झोत लागला!" स्तानिया पहिल्यांदा म्हणाली. "सांगत होते मी, खिडक्या उघड्या टाकू नका!" मग म्हणाली नजर लागली, आणि पोरीच्या मनगटाला लाल दोरा बांधला. दोऱ्याने ओठ लाल झाले नाहीत. दालिबोरने गाडी काढली आणि सगळे आरोग्यकेंद्रात गेले.

डॉक्टर पाउनोविच म्हणजे मध्यम वयाची, दमलेली बाई. माणसापेक्षा कागद बरा, कारण कागद रडत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. तिने लेन्काच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, भुवया वर केल्या.

"दूध कुठलं? पाणी कुठलं?"

"डब्याचं दूध, नळाचं पाणी," मिलियाना म्हणाली. "दोनदा उकळते."

"नळाच्या पाण्यात नायट्रेट जास्त असलं, तर तान्ह्या बाळाचं रक्त असं बिघडतं. शहराला पाणी देणाऱ्या नदीकाठच्या विहिरींजवळ आता ते डुकरांचे मोठे वाडे झालेत ना, त्यांची घाण जमिनीत मुरते, मी तोच विचार करत होते. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की जास्तच होतं." तिने खणातून अहवाल काढला आणि बोट फिरवलं. "नाही. नायट्रेट अगदी नावाला. झऱ्याच्या पाण्यासारखं आहे." तिने वर बघितलं. "आणि तुमचाच तर नळ आहे, तीन नंबरचा. मग प्रश्नच मिटला. पाणी नाही. हृदय असणार."

स्तानिया भिंतीशी उभी होती. 'झऱ्याच्या पाण्यासारखं' हे शब्द तिने ऐकले आणि इतक्या वर्षांच्या त्या दोन अबोल जावा एकदम एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. तिने बाकावर बसून घेतलं.

बोलायची वेळ हीच होती. एक वाक्य पुरलं असतं. पण समोर डॉक्टरीण होती, नर्स होती, दारात पाच नंबरच्या टाचणीवाल्या पेर्सिदाची सून औषधाच्या चिठ्ठीसाठी उभी होती, आणि तिच्या तोंडातून संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं, की स्तानिया सरकारी बाटलीत लबाडी करते. स्तानियाने नातीच्या निळ्या ओठांकडे बघितलं, पेर्सिदाच्या सुनेकडे बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं. थू!

डॉक्टरणीने मोठ्या शहरातल्या इस्पितळाला पत्र लिहिलं. तिथे हृदय तपासतील, गरज पडली तर मांडीतून नळी घालून हृदयापर्यंत नेतील आणि आत बघतील. मिलियाना ऐकत होती आणि तिचा हात पोरीच्या पोटावरून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशीपासून स्तानिया चोरी करू लागली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाण्याची. मिलियाना गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की ही झऱ्याची बाटली झग्याखाली धरून वर चढायची, किटलीतलं पाणी ओतून द्यायची आणि झऱ्याचं भरून ठेवायची. एकदा झिवादिनने तिला जिन्यात गाठलं.

"काय गं हे?"

"फुलांना पाणी."

"वर फुलं नाहीत."

"मग तू जाऊन लाव! उभा काय राहिलास खांबासारखा?"

झिवादिन गेला. त्याने जन्मभर ते एकच काम मनापासून केलं होतं.

आणि लेन्का सुधारली! ओठांना रंग आला, पोर पाय झाडू लागली, रडू लागली, आणि ते रडणं ऐकून घरात सगळे हसले. स्तानियाने संत पेत्केच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी प्रार्थना पावली." बघा, निर्लज्जपणाला काही हद्द! त्यातही तिला खोटं वाटत नव्हतं. झरा संत पेत्केचाच आहे, असं ती मनाशी म्हणाली.

पुढे एक दिवस ती दात काढायला गेली आणि दुपारपर्यंत अडकली. तेवढ्यात दालिबोरने बायकोला मदत म्हणून किटली नळाने भरली, दिवसभर तीच वापरली. संध्याकाळी पोर पुन्हा राखेच्या रंगाची. स्तानिया सुजल्या गालाने जिन्यात बसली आणि तिला कळलं, की आता शंकेलाही जागा उरली नाही. डॉक्टरीण म्हणाली, "येतं आणि जातं, म्हणजे हृदयच." इस्पितळाची तारीख ठरली, पुढच्या सोमवारची.

एवढं झाल्यावर तरी तिने सुनेला सांगावं की नाही? नाही. ती ओब्रादकडे गेली. कचेरीत तो नकाशाखाली बसून बोरेक, म्हणजे सारण भरलेली तेलकट पोळी, खात होता.

"ओब्राद, त्या बाटल्यांत... तुम्ही पाहिलं होतं ना, मी कोठीतून आणायची."

त्याने बोट ओठांवर ठेवलं. बोटाला तेल लागलेलं होतं. "मी काही पाहिलं नाही."

"माझ्या नातीच्या हृदयात नळी घालणार आहेत सोमवारी! पाण्याने झालंय ते. खरा नमुना घ्या ना एकदा, माझ्या नळाचा. तुमचं नाव नाही काढणार मी."

"स्तानियाबाई, खरा नमुना घेतला आणि तो बिघडला, तर साहेब विचारतील, आजवर चांगला कसा होता? मग? मी सांगणार, बाईने मला फसवलं. मी विश्वासाने बाटली हातात दिली. मला पेन्शनीला थोडंच राहिलंय. बाळाचं म्हणाल तर मोठ्या इस्पितळातले डॉक्टर हुशार असतात, करतील ते बरोबर." आणि मग त्याने आवाज गोड केला. "पुढच्या वेळी येतो की. चेरीचा आहे ना शिल्लक?"

जिला अख्खी गल्ली घाबरायची त्या बाईने यावर काय करावं? तिने त्याचा बोरेक उचलून खिडकीबाहेर फेकला. बरं वाटलं तिला. पण सोमवार होता तिथेच राहिला.

शुक्रवारी डॉक्टरणीने इस्पितळाचे कागद द्यायला सगळ्यांना बोलावलं. नळी कुठून घालतात, पोरीला कसं झोपवतात, आणि क्वचित, अगदी क्वचित, काय होऊ शकतं हेही तिने सांगितलं, कारण सांगायचा नियम होता. एक कागद पुढे सरकवून ती म्हणाली, "इथे आईची सही."

मिलियानाने पेन घेतलं. कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला आणि पेन सहीच्या रेघेवर टेकवलं.

"सही करू नकोस," स्तानिया म्हणाली.

"आई, आता काही नको. कृपा करा."

"करू नकोस म्हणते ना! तिचं हृदय ठणठणीत आहे. पाणी आहे ते."

डॉक्टरणीने सुस्कारा टाकला. "आजी, पाण्याचा अहवाल आपण पाहिला. तुमच्याच घरचा नमुना—"

"ते पाणी घरचं नव्हतं! कोठीतलं होतं. झऱ्याचं." एकदा फुटल्यावर स्तानियाला थांबता येईना, आणि बोलणं कबुलीसारखं न होता भांडणासारखंच होत गेलं, कारण दुसरी कुठली तऱ्हा तिला येतच नव्हती. "सरकारी माणूस दारात येतो, पाणी मागतो, मी काय त्याला नळाची घाण भरून देऊ? माझ्या घराची अब्रू काय राहील? आणि एकटी मीच आहे का? कोसाराला विचारा, पेर्सिदाला विचारा! पाचही घरांत विचारा, पाहुण्याच्या बाटलीत नळाचं पाणी भरणारी एक बाई दाखवा मला! वर किटलीतसुद्धा मीच भरत होते झऱ्याचं, चोरून. म्हणून सुधारली ती. दालिबोरने नळाचं भरलं त्या दिवशी पुन्हा निळी झाली. हवं तर आत्ता भरून आणा माझ्या नळाचं, बघा तपासून!"

डॉक्टरणीने अहवालाकडे पाहिलं. किती आयांना तिने तो कागद दाखवून घरी पाठवलं असेल, हे मनात मोजत असावी. निदान तोंड तरी तसं दिसत होतं. मग तिने नर्सला खणातली तपासायची पट्टी आणायला सांगितली. अवघड असं काहीच नव्हतं ते. बोटभर कागदी पट्टी, नायट्रेट असलं की रंग धरते. इतके दिवस तिथेच खणात पडलेली होती. मिलियानाच्या पिशवीत बाळासाठी उकळलेल्या पाण्याची बाटली होती, सकाळी घाईत नळावर भरून उकळलेली. पट्टी त्यात बुडवली. बघता बघता ती गडद जांभळी झाली, पट्ट्यांच्या डब्यावर छापलेल्या रंगांत शेवटचा रंग असतो त्याच्याही पलीकडे.

डॉक्टरणीने इस्पितळाचं पत्र फाडलं, लेन्काच्या रक्तासाठी दुसरं लिहिलं, आणि फोन उचलून पाणीपुरवठा कचेरी मागितली. पलीकडे ओब्रादच होता. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "तीन नंबर? अहो डॉक्टरीणबाई, तिथल्यासारखं पाणी सगळ्या जिल्ह्यात नाही!"

स्तानियाने डोळे पुसले आणि जरा सावरून बसली. पोर वाचली होती. नळी टळली होती. तिला वाटलं, आता सून येऊन गळ्यात पडेल, निदान हात तरी धरेल. शेवटी बोललं कोण? आपणच ना! तिने तसा हात पुढेही केला.

मिलियाना लेन्काला शालीत गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मी मागितलं होतं तुमच्याकडे," ती म्हणाली. "थोडंसंच मागितलं होतं."

"अगं, ते पाहुण्यांचं..." स्तानियाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"हो ना," मिलियाना म्हणाली. "माझ्या लेकीचं तेवढंच चुकलं. ती तुमच्या घरात पाहुणी म्हणून यायला हवी होती."

तिने पोरीला उचललं आणि दालिबोरला म्हणाली, की गाडी माझ्या आईकडे घे. दालिबोरने आईकडे एकदा बघितलं आणि किल्ली काढली. स्तानियाचा पुढे केलेला हात तसाच राहिला. नर्स येऊन म्हणाली, आजी, जरा सरका, पुढचं बाळ आत घ्यायचंय. त्या बाळाचेही ओठ निळे होते.